वस्तीतल्या मुलांचा नाट्यवर्ग: जागा शोधण्यापासून पहिल्या प्रयोगापर्यंत

मे महिना आला की गावोगावी शिबिरांचे फलक लागतात. दहा दिवस, चित्रकला, नृत्य, नाट्य, हस्तकला, शेवटी गॅदरिंग आणि प्रमाणपत्र. त्यात वाईट काही नाही. पण दहा दिवसांत ताईंना मुलांची नावं पाठ होतात न होतात तोच शिबिर आटोपतं. तोंड उघडायलाच ज्याला आठवडा लागतो, ते मूल शेवटच्या दिवशी झाड होऊन मागे उभं असतं. इथे सांगतोय ते काम वेगळं आहे. एकच वस्ती किंवा गाव, आठवड्यातून एकदा दोन तास, निदान सहा महिने, आणि शेवटी मुलांनीच रचलेला पंधरा-वीस मिनिटांचा प्रयोग.

नाटकच का, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. भांडवल लागत नाही, आणि बाकीच्या कला आपोआप आत येतात. गाणाऱ्याला गाणं मिळतं, चित्र काढणाऱ्याला पडदा मिळतो, हाताने काहीबाही जोडणाऱ्याला नेपथ्य. ज्याला यातलं काहीच नको असतं तो ढोलकीवाल्याच्या शेजारी जाऊन बसतो, आणि महिन्याभराने तोच ताल धरायला लागतो.

मराठीत मुलांच्या नाटकाची वाट जुनी आहे. सुधा करमरकरांनी 1959 साली मुंबईत 'लिटल थिएटर' सुरू केलं आणि मुलांसाठीही मोठ्या रंगमंचावर, पूर्ण नेपथ्यासह नाटक व्हावं हा आग्रह धरला. पुढे 1986 मध्ये डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत पुण्यात आली. तिथे मोठी माणसं मुलांच्या भूमिका करतात, आणि विषय राजपुत्र-राक्षसांचे नसून घरातले, शाळेतले, जिन्यावरचे असतात. 2014 पासून ठाण्यात रत्नाकर मतकरी यांच्या कल्पनेतून आणि समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने 'वंचितांचा रंगमंच' उभा राहिला. त्यात वस्त्यांमधली मुलं आपलेच विषय घेऊन नाटिका बसवतात. तुम्ही जे करणार आहात ते या तिसऱ्या वाटेवरचं आहे, म्हणून संहितेचं बाड काखेत मारून जाऊ नका.

जागा आणि वेळ

समाजमंदिर, बुद्धविहार, देवळाचा सभामंडप, जिल्हा परिषद शाळेचा वर्ग, अंगणवाडीची खोली, वाचनालय. यातलं काहीही चालेल. फक्त दोन गोष्टी पाहा. एक, त्या जागेत वस्तीतल्या सगळ्या घरांतली मुलं मोकळेपणाने येतात का? काही देवळांत काही मुलं पायरीवरच थांबतात. हे तुम्हाला कुणी सांगणार नाही, स्वतः पाहावं लागतं. अशा ठिकाणी शाळेचा वर्ग बरा. दुसरं, शेजारी आजारी माणूस किंवा बारावीचं मूल आहे का? आवाज होणारच, तेव्हा आधी जाऊन सांगून या.

जागेची परवानगी तोंडी मिळाली तरी एक साधा अर्ज द्या: सरपंच, मुख्याध्यापक किंवा मंडळाचा अध्यक्ष, जो कोणी असेल त्याच्या नावाने. उद्या पदाधिकारी बदलले की हाच कागद उपयोगी पडतो.

वेळ ठरवताना तुमची सोय शेवटी. नळाला पाणी किती वाजता येतं, शिकवणी कधी असते, अरबीचा वर्ग कधी, बाजार कोणत्या वारी, हे सगळं आधी विचारून घ्या. बीड, अहिल्यानगरकडे ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत दिवाळीच्या आसपास निम्मी मुलं आईबापांबरोबर कारखान्याच्या भागात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तिथे ऑक्टोबरात वर्ग सुरू करून मार्चमध्ये प्रयोग ठेवणं म्हणजे त्या मुलांना आधीच वगळणं. अशा गावात जूनमध्ये सुरुवात करून दसऱ्यापर्यंत प्रयोग उरकावा, आणि सहा महिन्यांचा हट्ट सोडावा.

एकदा वार ठरला की बदलू नका. शनिवार म्हणजे शनिवार. पाऊस आहे, चारच मुलं आली आहेत, तरी वर्ग होणार. मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना तुमच्या कळवळ्यापेक्षा तुमच्या वक्तशीरपणावरून तुमची पारख होते.

मुलं कशी येतात, मुली का थांबतात

फलक लावून मुलं येत नाहीत. ठरलेल्या जागेबाहेर मोकळ्या अंगणात विषामृत नाहीतर स्टॅच्यू खेळायला लागा, अर्ध्या तासात वीसजण जमतात. वयोगट ढोबळमानाने नऊ ते पंधरा ठेवा, आणि गट पंचवीसच्या वर जाऊ देऊ नका. वर गेलाच तर दोन गट करा.

घरोघरी जाणं मात्र टळत नाही. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "नाटकं करून पोट भरणार आहे का?" यावर अभ्यास सुधारेल, मार्क वाढतील असली आश्वासनं देऊ नका. ते तुमच्या हातात नाही, आणि पहिल्या चाचणीला उघडं पडतं. जे दिसणार आहे तेच सांगा. पोरगं चारचौघांत उभं राहून बोलेल, दुसऱ्याचं ऐकेल, आणि सहा महिन्यांनी तुम्ही खुर्चीवर बसून त्याचं काम बघाल.

मुलींचं गणित वेगळं. सातवी-आठवीनंतर त्या एकेक करून गळतात, आणि कारण विचारलं तर "काम असतं" एवढंच उत्तर येतं. कडेवर धाकटा भाऊ असतो, संध्याकाळचा स्वयंपाक असतो, परतताना अंधार असतो. धाकट्या भावंडांना वर्गात येऊ द्या. कोपऱ्यात सतरंजी, खडू, पाटी ठेवली की ती रमतात. वर्ग दिवे लागायच्या आत संपवा. आणि वस्तीतलीच एखादी ताई, मावशी वर्गात बसणारी शोधा. अशी बाई असली की घरचे मुलीला निःशंक पाठवतात. तुमच्या एम.ए.च्या पदवीने तो विश्वास येत नाही.

फी घेऊ नका. सामान फारसं लागतच नाही: रंगीत खडू, गेरू, जुनी वर्तमानपत्रं, दोन-चार ओढण्या, एक घोंगडी, सुतळी, एक काठी आणि एक डफ किंवा ढोलकी. दोन-तीन हजारांत पहिले सहा महिने निघतात. संस्था नोंदवायच्या भानगडीत सुरुवातीला पडूच नका. नोंदणी, खातं, ऑडिट यांत वर्ष जातं आणि वर्ग राहून जातो.

पहिले चार-पाच आठवडे: नुसते खेळ

या काळात नाटकाचं नावही काढायचं नाही. गोलात उभं राहायचं, आपलं नाव सांगताना एक हालचाल करायची, बाकीच्यांनी ती जशीच्या तशी करून दाखवायची. मग आरसा: दोघं समोरासमोर, एक हलेल तसा दुसरा हलतो, नंतर अदलाबदल. मग चालणं: डोक्यावर भरलेला हंडा आहे असं चाला, चिखलातून चाला, मास्तरांनी बोलावलंय असं चाला. मुलांना यात काही शिकवावं लागत नाही. हंडा घेऊन चालताना मान कशी ताठ राहते आणि एक हात कसा वर जातो, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

मला सगळ्यांत उपयोगी वाटतो तो काठीचा खेळ. गोलात एक काठी फिरवायची. जो घेईल त्याने ती काठी सोडून दुसरं काहीही आहे असं वापरून दाखवायचं, एक शब्द न बोलता. पहिल्या फेरीत हमखास बॅट, बंदूक, तलवार, बासरी येते. दुसऱ्या फेरीत "आधी झालंय ते चालणार नाही" असा नियम लावा. मग गंमत सुरू होते: हापशाचा दांडा, बसचा आडवा बार, मोटारसायकलची किक, आजीची काठी. तिसऱ्या फेरीला मुलं अडतात. गप्प होतात, डोकं खाजवतात. इथे नव्या ताई-दादांना राहवत नाही आणि ते सुचवायला जातात. सुचवू नका. शांतता राहू द्या. त्या अडण्यातूनच कुणीतरी काठी आडवी धरून दोन्ही टोकांना अदृश्य दोरी बांधतं, पाळणा करतं आणि हलक्या हाताने झोका देऊ लागतं. सगळा गोल टक लावून बघत राहतो.

"छान", "शाब्बास" सारखं म्हणू नका, हीसुद्धा सवय लावून घ्या. मुलं लगेच तुमच्या तोंडाकडे बघून काम करायला लागतात. त्यापेक्षा बाकीच्यांना विचारा: "काय होतं ते? कशावरून ओळखलं?" म्हणजे जे पाहतात तेही शिकतात, आणि करणाऱ्याला नेमकं काय पोचलं ते कळतं.

गोष्ट त्यांच्याकडून काढणं

पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून स्टॅच्यूचा खेळ पुढे न्या. चार-पाचजणांचा गट करा आणि सांगा: आपल्या वस्तीतलं रोज दिसणारं एक दृश्य, न हलता, न बोलता उभं करा. बसस्टॉप, रेशनचं दुकान, दहावीचा निकाल, डबा खाण्याची सुट्टी. बहुतेक वस्त्यांत पहिलं दृश्य एकच येतं: नळावरची रांग.

समजा तीच आली. एक मुलगी वाकून कळशी सरकवते आहे, दुसरीचा हात कमरेवर, तिसरा मुलगा हंडा उचलून मध्ये घुसतोय, चौथी लांब उभी आहे. आता तुम्ही गटात फिरा आणि सांगा: "मी ज्याच्या खांद्याला हात लावेन त्याने त्या माणसाच्या मनात या क्षणी काय चाललंय ते एका वाक्यात बोलायचं." कमरेवर हात असलेली बोलते, "रोज हिचंच पहिलं कसं?" घुसणारा बोलतो, "शाळेची घंटा झाली असंल." लांब उभी असलेलीला हात लावलात की ती म्हणते, "मला कोण रांगेत घेणार?" खेळ खेळता खेळता तुमच्या हातात नाटकाचा गाभा आला. ही चौथी लांब का उभी आहे, एवढाच प्रश्न गटापुढे टाका आणि बाजूला व्हा.

पुढची पायरी तीन चित्रांची. याच्या आधी काय झालं त्याचं एक स्तब्ध चित्र, आत्ताचं दुसरं, नंतरचं तिसरं. तिन्ही जमली की त्यांच्यामध्ये हालचाल आणि बोलणं भरा. कच्चा प्रवेश तयार होतो. पुढच्या आठवड्यात तोच प्रवेश पुन्हा, पण भूमिका बदलून: दादागिरी करणारा आता रांगेत मागे. अशा अदलाबदलीतून मुलांचं आपापसांतलं वागणंही थोडंफार बदलतं. पण त्याचा गाजावाजा करू नका, मुलांसमोर तर मुळीच नाही.

बोललेलं कुणीतरी लिहून घ्या, मोबाइलवर ध्वनिमुद्रण केलंत तरी चालेल. मात्र कागदावर उतरवताना "व्हतं"चं "होतं" करू नका. शाळेत दिवसभर मुलांची भाषा दुरुस्त होत असते. इथे तीच भाषा कामाची आहे. पाठ केलेल्या पुस्तकी वाक्यांत मुलं लाकडासारखी उभी राहतात आणि स्वतःच्या बोलीत तीच मुलं हात हलवायला लागतात. घरात भिली, लमाणी, कोकणी किंवा दखनी बोलत असतील तर काही वाक्यं त्याच भाषेत येऊ द्या. प्रेक्षकांत त्यांच्या आज्या बसणार आहेत.

मुलांनी सिनेमातली मारामारी किंवा टीव्हीवरची सासू आणली तर? आणू द्या, एकदा होऊन जाऊ द्या. मग विचारा, "असं आपल्या गल्लीत झालं असतं तर कोण मध्ये पडलं असतं?" गाडी आपोआप रुळावर येते. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा: दारूबंदी, स्वच्छता, बेटी बचाओ असे विषय तुम्ही वरून देणं. मुलांना मोठ्यांना काय ऐकायला आवडतं ते पक्कं माहीत असतं. ती तसं घोषवाक्यांचं नाटक दहा मिनिटांत करून देतात, टाळ्याही पडतात, आणि त्यात त्यांचं स्वतःचं काहीच नसतं.

गावातला कलाकार बोलवा, आणि त्याचे पैसे द्या

दोन-तीन वर्ग बाहेरच्या माणसाला द्या. बाहेरचा म्हणजे शहरातला नट नव्हे. सिंधुदुर्गात असाल तर दशावतारी कलाकार तुमच्या शेजारच्या वाडीत असतो. दिवसा शेती आणि रात्री राजा. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. एकेक चित्र उचलून दाखवत गोष्ट गात जायची, ही चित्रकथीची रीत मुलांच्या नाटकाला जशीच्या तशी उपयोगी पडते: दहा जुनी कॅलेंडरं उलटी करून त्यावर चित्रं काढली की नेपथ्य तयार. डहाणू, तलासरी, जव्हारकडे वारली चित्रं काढणारी माणसं घराघरांत आहेत. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची काडी एवढ्यावर ते काम चालतं. प्रयोगाच्या जागेची मागची भिंत मुलांनी त्यांच्याकडून शिकून रंगवली तर पडद्याचा खर्च वाचतो.

इतरत्र शाहीर असतो, वासुदेव असतो, भजनी मंडळातला पखवाजवाला असतो, गणपती घडवणारा कुंभार असतो. त्यांना शाल-श्रीफळ देऊन वाटेला लावू नका. दिवसाचं मानधन आधी ठरवा, रोख द्या. बुडालेल्या मजुरीची भरपाई नारळाने होत नाही.

सुरक्षिततेचे नियम

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी गाळायचा नाही. वर्गात नेहमी दोन मोठी माणसं, त्यांतली एक बाई. दार उघडं. कुठल्याही मुलाला एकट्याने घरी बोलवायचं नाही, एकट्याने गाडीवरून सोडायचं नाही. प्रत्येक पालकाची सही असलेलं संमतिपत्र, त्यात मुलाचा आजार, औषध आणि फोन नंबर. फोटो, व्हिडिओ पालकांना विचारल्याशिवाय स्टेटसवर टाकायचे नाहीत.

खेळांत मुलं मोकळी होतात, तशी कधी कधी घरातलं, शाळेतलं काही भयंकरही सांगून जातात. "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका. ऐकून घ्या, खोदून विचारू नका, आणि तो प्रसंग नाटकात वापरायचा तर विचारही नको. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मदतीसाठी चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक चोवीस तास चालतो. तो वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा.

प्रयोग

शेवटचे पाच-सहा आठवडे तालमी. आता वार दोन करावे लागतील. प्रवेशांचा क्रम पक्का करा, वाक्यं नाही. मुलांना वाक्यं थोडी इकडेतिकडे करू द्या. पुढे उभं राहून हातवारे करत सूचना देणारे दादा प्रयोगाच्या दिवशी मुलांचा घात करतात, कारण मुलं प्रेक्षक सोडून दादांकडे बघत राहतात. शेवटच्या दोन तालमींना मागे जाऊन बसा.

मुख्य भूमिकेवरून रुसवेफुगवे होतात. एकच पात्र दोन प्रवेशांत दोघांनी करायचं, ओढणी एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात गेली की पात्र बदललं, हा तोडगा चांगला चालतो. प्रेक्षकांनाही तो सहज कळतो.

प्रयोग वस्तीतच करा: ज्या चौकात मुलं खेळतात तिथे, जमिनीवर सतरंज्या टाकून. गणेशोत्सवाचा मांडव फुकट मिळतो, माइक-दिवे मिळतात, गर्दी आयती असते. पण ती गर्दी रेकॉर्ड डान्स बघायला आलेली असते आणि तुमचा प्रवेश चालू असताना आरतीची घोषणा होते. पहिला प्रयोग तरी मांडवात नको. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी घ्या आणि रात्री दहाच्या आत संपवा. खरं तर शंभर-दीडशे माणसांना माइक लागत नाही. मुलांनी आवाज पोचवायला शिकणं हाच सरावाचा भाग आहे. पाहुणे, दीपप्रज्वलन, सत्कार यांत पाऊण तास घालवू नका. नगरसेवक आले तर पहिल्या रांगेत सतरंजीवर बसवा.

नाटक संपल्यावर लगेच उठू नका. मुलांना भूमिकेतच बसवा आणि लोकांना प्रश्न विचारू द्या. नळावर लांब उभ्या राहणाऱ्या मुलीला एखादी बाई विचारेल, "तू त्यांना म्हणली का न्हाईस?" आणि ती मुलगी पात्र म्हणूनच उत्तर देईल. पंधरा मिनिटांच्या नाटकावर अर्धा तास बोलणं झालं तर प्रयोग जमला असं समजा.

त्यानंतर

सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा दरवर्षी होते, आणि दिव्यांग मुलांसाठी वेगळी असते. पुण्यात नाट्यसंस्कार कला अकादमीच्या भालबा केळकर करंडकासारख्या स्पर्धाही आहेत. पण पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. बक्षिसाची हवा लागली की गट आपोआप पाच चुणचुणीत मुलांचा होतो आणि बाकीचे पुन्हा झाडं होतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गटाने स्वतःहून विचारलं तर जरूर जा. त्याआधी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं) प्रमाणपत्र लागतं का, कितीजणांचा संघ चालतो, हे नियमपत्रिकेत नीट वाचा. चित्रात रमलेल्या मुलांना शाळेमार्फत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवा. नाटकाचं वेड लागलेल्या मोठ्या मुलांना पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी निदान माहीत तरी असू द्या. गोव्यात असाल तर पणजीत कांपालच्या बालभवनात आणि कला अकादमीत चौकशी करा.

प्रयोगानंतरच्या पहिल्याच शनिवारी वर्ग ठेवा. बहुतेकजण इथे महिनाभराची सुट्टी देतात आणि गट विरून जातो. त्या दिवशी काठीचा खेळ पंधरा वर्षांच्या मुलांना घ्यायला लावा, कारण प्रयोग बघून आलेली वस्तीतली लहान मुलं दारात उभी असतील आणि त्यांचा नवा गोल तुम्हाला एकट्याला सांभाळता येणार नाही.